हेड मिरर आणि ५१२ चा ट्यूनिंग फोर्क: अख्खी ईएनटी पोस्टिंग वापरून

ईएनटीची (कान-नाक-घसा विभागाची) पोस्टिंग लागली तेव्हा सीनियर म्हणाले हेड मिरर (डोक्याला बांधायचा, मधे भोक असलेला आरसा) कशाला घेतेस, मोबाईलचा टॉर्च चालतो. तरी मी कॉलेजसमोरच्या सर्जिकलच्या दुकानातून घेतलाच, सोबत ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्कपण, म्हणजे ऐकू येतंय का ते तपासायचा धातूचा काटा. आता पोस्टिंग संपलीय आणि जे ज्युनियर विचारतायत त्यांना सांगते, दोन्ही घ्या.

मिररने पहिले तीन दिवस काही दिसत नाही, घाबरू नका. बुल्स लॅम्प (तपासणीचा दिवा) पेशंटच्या डाव्या खांद्याच्या जरा मागे, आरसा आपल्या उजव्या डोळ्यावर, मधल्या भोकातून बघायचं आणि डावा डोळाही उघडाच ठेवायचा. फोकस साधारण २५ सेंमीवर असतो त्यामुळे आपणच पुढेमागे सरकून प्रकाश जमवावा लागतो, नाहीतर तो गालावर नाहीतर केसांतच पडत राहतो. माझं चौथ्या दिवशी जमलं. एका काकांचा कान वर आणि मागे ओढला, स्पेक्युलम (कानात बघायची छोटी नळी) घातला आणि एकदम पडदा दिसला, मोत्यासारखा करडा आणि खाली पुढच्या बाजूला प्रकाशाचा तो त्रिकोण. आकृतीत कितीदा बघितला होता, पण जिवंत माणसाच्या कानात बघून अंगावर काटा आला.

टॉर्चमध्ये एक हात अडकतो, मग कान ओढणार कशाने आणि प्रोब (तपासायची बारीक सळई) धरणार कशाने? पावसाळ्यात तर बुरशीचे कान खूप येतात. एक आजी रोज कानात कोमट तेल घालायच्या, आत बघितलं तर ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. मॅमनी सगळं सक्शनने काढलं आणि आजी म्हणाल्या, बाई गं, किती हलकं वाटतंय.

फोर्क ५१२ चाच घ्या, २५६ चा हाडावर ठेवला की पेशंटला आवाजापेक्षा थरथर जास्त जाणवते. आणि कोपरावर मारा, टेबलावर आपटला की भलतेच सूर निघतात. बूड रुंद हवं, कानामागच्या हाडावर नीट टेकतं. एका दादांचा उजवा कान वर्षानुवर्षं वाहत होता, कपाळावर फोर्क ठेवला तर म्हणाले उजवीकडेच जास्त ऐकू येतंय, आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून बिचारे गप्प झाले. मी म्हटलं दादा, बरोबर सांगताय, पडद्याला भोक असेल तर असंच होतं. वेबर टेस्ट, म्हणजे हीच कपाळावर फोर्क ठेवायची तपासणी, मला त्या दिवशी समजली, वायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी) पाठ केलेली वेगळी.

तक्रार एकच, मिररचा सांधा. दोन आठवड्यांत ढिला पडला आणि तपासताना आरसा खाली घसरायला लागला, स्क्रू आवळला की दोन दिवस टिकतो. पट्टापण प्लास्टिकचा आहे, घामाने कपाळ चुरचुरतं, मी आतून सुती कापड शिवून घेतलं. फोर्कला ५ पैकी ५, मिररला ४. दुकानात घेताना आरसा डोक्याला लावून मान चारपाच वेळा खाली करून बघा, हलला तर दुसरा मागा.