महिन्याचा किराणा: डीमार्टला भरायचा की कोपऱ्यावरच्या काकांकडे?

माझी भाची गेल्या महिन्यात नवऱ्याबरोबर पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा फोन, मावशी किराणा कुठनं भरू, सासूबाई म्हणतात डीमार्टला जा आणि आई म्हणते बिल्डिंगखालच्या दुकानातनंच घे, अडीअडचणीला तोच माणूस उपयोगी पडतो. अर्धा तास बोललो तरी संपेना, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढते, तिच्यासारख्या बऱ्याच जणी असतील.

आधीच सांगते, मी दोन्हीकडे जाते. पण सगळं दोन्हीकडे घेत नाही, मेख तिथेच आहे.

पाकीटबंद माल घ्यायचा असेल तर डीमार्ट, इथे वादच नाही. साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, चहा, भांड्याचा बार, सॅनिटरी पॅड, डायपर. यात क्वालिटीचा प्रश्नच येत नाही, कंपनी तीच, पाकीट तेच, फरक फक्त एमआरपीवर किती सोडतात त्याचा. काकाही आता मोठ्या पाकिटांवर थोडंफार सोडतात पण इतकं सोडणं त्यांना परवडतच नाही, आणि त्यात त्यांची चूक नाहीये. राधाकिशन दमाणींनी पहिलं डीमार्ट 2002 ला पवईत काढलं, त्याच्या आधी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून बघितली होती, म्हणजे डोक्यात गणित आधीपासूनच पक्कं होतं. बहुतेक दुकानांची जागा स्वतःच्या मालकीची म्हणून भाड्याची कटकट नाही, सजावट बेताची, ब्रँड मोजकेच पण माल ट्रकच्या ट्रक उचलायचा, आणि कंपन्यांचे पैसे पटकन चुकते करायचे. पैसे लवकर मिळतात म्हटल्यावर कंपनी भाव कमी लावते आणि त्यातला काही भाग आपल्या बिलात उतरतो. काकांना तोच साबण डिस्ट्रिब्युटरकडून दोन बॉक्स घ्यायचाय, ते कुठनं आणणार तेवढी सूट.

आता सुटा माल. इथे माझं मत एकदम उलटं.

तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, रवा हे हातात घेऊन बघितल्याशिवाय मी घेत नाही. काका पोत्यातनं मूठभर घुंगरू शेंगदाणे काढून हातावर ठेवतात, एक तोंडात टाकला की खवट आहे का ते तिथल्या तिथे कळतं. पोहे जाड हवेत की पातळ की चिवड्याचे भाजके ते विचारतात. मागच्या वेळी मी इंद्रायणी मागितला तर स्वतःच म्हणाले, वहिनी आत्ता नवीन तांदूळ आलाय, चिकट होईल, महिनाभर थांबा नाहीतर कोलम न्या. आता हे शेल्फवरचं पाकीट सांगणार आहे का मला? मॉलची डाळ निवडलेली स्वच्छ असते हे मान्य, कामाला जाणाऱ्या बाईचा तेवढा वेळ वाचतो, ज्यांना निवडत बसायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल तीच घ्यावी.

अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, ब्रँड मोठा असो नाहीतर साधा. तीच डाळ पोत्यातनं मोजून कागदी पिशवीत दिली तर जीएसटी नाही. म्हणून सुट्या मालात काका भावाला बरोबरीत येतात, कधी कधी स्वस्तही पडतात. गव्हाचं तर मी दोघांकडेही जात नाही, एप्रिल-मेमध्ये मार्केटयार्डच्या भुसार बाजारातनं वर्षाचा लोकवन पोत्यानं आणते, एरंडेल चोळून पिंपात भरते आणि सुटते. पण त्याला जागा लागते आणि उन्हात बसून एरंडेल चोळायची तयारी लागते, वन बीएचकेवाल्यांनी या भानगडीत पडू नये.

तेलाचं वेगळं सांगते कारण तिथे मी स्वतः फसलेय. एका मोठ्या दुकानात, नाव नको, शेंगदाणा तेलाची पिशवी बाकीच्यांपेक्षा चांगली स्वस्त दिसली म्हणून चार उचलल्या. घरी येऊन बरणीत ओतली तर बरणी भरेचना. बघते तर 850 ग्रॅम. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, आणि दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळत नाही. तेव्हापासून पुढची मोठी किंमत न बघता मागच्या बाजूला बारीक अक्षरात ग्रॅममागे किती रुपये ते छापलेलं असतं ते बघते, चष्मा लावून. कुठल्याही दुकानात हेच करायचं, काकांकडेसुद्धा.

आता खरा खर्च कुठे होतो ते. डीमार्टला जाताना माझी यादी 18 वस्तूंची होती आणि बिलावर ओळी 43. खोटं नाही सांगत, बिल फ्रिजवर लावलंय. दोन पायपुसणी, एक बादली, स्टीलचा डबा, पोराचे मोजे, कसलीशी खाकऱ्याची पाकिटं, आणि मी आत गेले होते साबणाला आणि कपड्यांच्या पावडरीला! मॉलमध्ये ट्रॉली हातात असते आणि कोणी विचारत नाही की ताई हे कशाला. काकांकडे काउंटरच्या अलीकडे उभं राहून मागावं लागतं, मागताना लाज वाटते, म्हणून कमी घेतलं जातं. साबणावर वाचलेले दीडशे बादलीत गेले, वर जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे, शिवाय शनिवारची अख्खी संध्याकाळ बिलाच्या रांगेत. घरात चार-पाच माणसं असतील आणि स्वतःची गाडी असेल तर हे गणित जमतं. दोघंच असाल आणि दर आठवड्याला फिरायला म्हणून जाणार असाल तर अजिबात जमत नाही.

काकांकडे जे मिळतं ते बिलात दिसत नाही. पाच रुपयांचं आलं, सकाळी सातला दूध, पोरगा तिसऱ्या मजल्यावर दहा किलोची पिशवी आणून ठेवतो, रव्यात किडे निघाले तर न बोलता बदलून देतात. आणि उधारीची वही. लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे पगार अर्धा आला होता तेव्हा दोन महिने त्या वहीवरच घर चाललं, ते मी विसरणार नाही. हां, काका संत वगैरे नाहीत, तारीख उलटलेलं मॅगीचं पाकीट दोनदा गळ्यात मारलंय आणि सुट्टे नाहीत म्हणून अजून चॉकलेट देतात, यूपीआय आलं तरी.

दहा मिनिटवाली अ‍ॅप्स मी धरतच नाही यात, पाहुणे दारात आणि साखर संपली एवढ्यापुरती ठीक, महिन्याचा किराणा त्यावर भरायचा नाही. त्यापेक्षा जवळपास मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे का ते बघा, 1975 पासून चाललंय ते, शेजारपाजारची घरं मिळून एकत्र यादी देतात आणि माल घाऊक भावाच्या आसपास मिळतो. फक्त वाटपाच्या दिवशी हजर राहून आपली पाळी करावी लागते.

तर भाचीला सांगितलं ते असं. साबण-पावडर-चहा-तेल हे दोन महिन्यांतून एकदा डीमार्टला, लिहिलेली यादी घेऊन. डाळी, पोहे, शेंगदाणे, गूळ आणि रोजचं किडूकमिडूक काकांकडे, पहिले तीन महिने रोख दे, मग वही आपोआप उघडते. पगाराचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळ, मधल्या वारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, पिशव्या घरनं ने. नवऱ्याला नेलंस तर गाडीपाशीच थांबव.

आणि बादली घेऊ नकोस. माझ्याकडे तीन आहेत, एक घेऊन जा.