पुण्यातलं काउन्सेलिंग : अकरा सेशन झाली, वसूल झालं का?

सेंटरचं नाव टाकत नाहीये हे आधीच सांगतो. खाली जे लिहिलंय ते वाचून ऑफिसमधलं कोणी तिथल्या वेटिंगमध्ये समोर येऊन बसलं तर मला जिना उतरून पळावं लागेल, म्हणून. कोथरूड साइडला आहे, डेंटिस्टच्या वरचा मजला, एवढं बास झालं.

मी गेलो कशाला तर बायकोने अल्टिमेटम दिला म्हणून. तिचं म्हणणं असं की तुझं काही चांगलं व्हायला लागलं की तू स्वतःच त्यात माती कालवतोस, आणि मी भांडलो की असं काही नाही, तर तिने बोटांवर मोजून दाखवलं. ऑनसाइटचा चान्स आलेला तेव्हा व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख मी "विसरलो", अप्रेझलचा फॉर्म दोन वर्षं लागोपाठ शेवटच्या दिवशी अर्धवट भरून सबमिट केला, नवीन आयट्वेंटी घेतली ती चौथ्या दिवशी सोसायटीच्याच खांबाला घासली, आणि घासल्यावर मला (हे ती म्हणाली, आणि खरंय) वाईट वाटण्याऐवजी एकदम हलकं वाटलेलं दिसत होतं. मला स्वतःला वाटायचं आपलं नशीब गांडू आहे, दुसरं काय.

या सेंटरच्या काउन्सेलर मॅडमच्या आधी एका दुसऱ्या ठिकाणी दोनदा जाऊन आलो होतो, तिथल्या सरांनी पहिल्याच तासात सकाळी उठून आरशात बघून "मी यशस्वी आहे" म्हणायला सांगितलं आणि निघताना वीकेंडच्या वर्कशॉपचं पावती पुस्तक काढलं. तेव्हा एक शिकलो, डिग्री विचारायला लाजू नका. काउन्सेलर हा शब्द कोणीही पाटीवर लिहितो, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेचं म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, नंबर मागितला की खरा माणूस लगेच दाखवतो. या मॅडमचा भिंतीवरच फ्रेम करून लावलाय. आणि गोळ्या लिहून देतात ते सायकिअॅट्रिस्ट, ते डॉक्टर असतात, हे वेगळं. आमच्या घरी आईला अजून वाटतं मी गोळ्या खातोय.

फी बाराशे, पन्नास मिनिटं. सहा सेशनचं पॅकेज घेतलं तर सहा हजार सहाशे, मी दोनदा घेतलं. खोली साधी आहे, दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा (पहिल्या दिवशी तो बघून मला हसू आलं होतं, नंतर नाही आलं). मॅडम पन्नाशीच्या असतील, फार बोलत नाहीत, लिहूनही फार घेत नाहीत, पण चौथ्या सेशनला पहिल्या सेशनमधलं वाक्य जसंच्या तसं काढतात.

पहिली दोन सेशन मला फुकट गेल्यासारखी वाटली, नुसती माहिती, घरी कोण कोण, शिक्षण, झोप कशी. तिसऱ्यात काय झालं की मी सहज म्हटलं, ताईला रविवारी फोन असतो, त्याच्या आधी मी जरा विचार करून ठेवतो काय सांगायचं ते. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे काय काय ठेवता तयार?" मी सांगत गेलो, कंबर दुखतीये, ईएमआय वाढला, मॅनेजर खडूस आहे, आणि सांगता सांगता माझंच मला कळलं की सगळ्या वाईटच बातम्या आहेत. चांगली बातमी ताईला मी कधी सांगतच नाही. फ्लॅट घेतला तेसुद्धा तिला आईकडून कळलं होतं. आणि एखाद्या आठवड्यात काहीच बिघडलेलं नसलं तर मला शनिवारपासून बेचैन व्हायचं, हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो.

मग निघाली सायकल. आम्ही इचलकरंजीचे, पप्पांचे चार माग होते, खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मिळते ती पिकावरची, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर मोजलेली मजुरी, तीपण पैशात मोजायची. मी सहावीत होतो, वर्ष १९९८, आणि मी हिरो रेंजरसाठी आठ दिवस जेवलो नव्हतो, म्हणजे घरी जेवलो नव्हतो, मित्राकडे खायचो. पप्पांनी घेऊन दिली, साडेअठराशेला, तेपण हप्त्यावर. दिवाळीनंतर ताईचं कॉलेज बंद झालं, बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्ध्यात. पैसे नाहीत एवढंच घरात बोलणं झालं. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावलं. माझ्यापेक्षा गणितात ती किती पुढं होती हे आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. ती सायकल मी नंतर चालवलीच नाही, घराच्या मागं लावून टाकली, पंक्चर आहे म्हणून सांगायचो. कोणी मला एक शब्द बोललं नाही. त्यामुळंच बहुतेक ते आत तसंच राहिलं, कारण कोणी बोललं असतं तर भांडलो तरी असतो.

मॅडमनी काय केलं असेल तर कोरा कागद दिला आणि म्हणाल्या हिशोब मांडा. मला वाटलं हे काय शाळेसारखं. एका बाजूला सायकल १८५०. दुसऱ्या बाजूला मला आज पप्पांकडून माहीत असलेलं सगळं, व्यापाऱ्यानं अडकवलेली मजुरी, वीजबिलाची थकबाकी, काकांच्या नावावर काढलेलं पतपेढीचं कर्ज, ते सगळं मिळून लाखाच्या वर जात होतं. आणि वर ताईचं वर्ष बंद करायचा निर्णय आजोबांनी घेतला होता, त्यांना पोरगी एसटीनं कोल्हापूरला जाते हेच मुळात पटत नव्हतं. हे सगळं मला माहीतच होतं हो, अडतीस वर्षांच्या माणसाला कळतं की साडेअठराशेत कोणाचं आयुष्य अडत नाही. पण आतला जो सहावीतला आहे त्याला हा कागद कोणी दाखवलेला नव्हता. रडलो. डब्यातले टिश्यू भिकार आहेत, दोन मिनिटात त्यांचे गोळे होतात, ही पण नोंद घ्यावी.

नंतर मी विचारलं की हा प्रकार माझाच आहे की असतो असा, तर त्यांनी सांगितलं की फ्रॉइडनेच १९१६ मध्ये लिहून ठेवलंय अशा लोकांबद्दल, जे यश हातात आल्याबरोबर कोलमडतात. मग १९६५ ला मोडेल नावाच्या अमेरिकन सायकोअॅनालिस्टने मांडलं की काही जणांना आतून वाटत असतं की घरात सुख मापून आलेलं आहे, आपण जास्त घेतलं की दुसऱ्याच्या ताटातलं गेलं. आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सायकोअॅनालिस्ट जोसेफ वाइस, त्यांची तर अख्खी थिअरीच यावर आहे. त्यांच्या मते पोर घरच्या लोकांवर जीव लावून असतं म्हणूनच असले चुकीचे निष्कर्ष काढतं, आणि मग मोठेपणी पेशंट स्वतःला न कळत थेरपिस्टची परीक्षा घेत राहतो, की बघू ही बाई पण मला दोषी धरते का. हे ऐकलं आणि मला घाम फुटला, कारण मी तोपर्यंतच्या पाचही सेशनना दहा-पंधरा मिनिटं उशिरा गेलो होतो आणि एकदा जीपे फेल झालं म्हणून पैसे न देता निघून आलो होतो, आणि दर वेळी मनात असायचं की आता या ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत, आणि "असू दे हो, चालतंय" पण म्हणाल्या नाहीत. "उशीर झाला की तुमची पंधरा मिनिटं जातात, मला त्याचं वाईट वाटतं," असं म्हणाल्या. त्यानंतर वेळेवर जायला लागलो, का ते नक्की सांगता येणार नाही.

होमवर्क सगळ्यात अवघड होतं. ताईला फोन करायचा, एक चांगली बातमी सांगायची आणि मागे "पण" लावायचा नाही. तीन रविवार जमलं नाही. प्रत्येक वेळी बातमी सांगून झाली की तोंडातून "पण काय उपयोग" निघायचंच. चौथ्या रविवारी सांगितलं की लीड केलंय मला, पगार वाढला, आणि गप्प बसलो. पलीकडे पण गप्प. मग ताई म्हणाली, "आणि? कंबर कशी हाय?" मी म्हटलं बरी आहे. "मग रडत का न्हाईस आज?"

तेव्हा मग सायकलचं बोललो. ती आधी हसलीच. "मी कवा म्हटलो रं तुला सायकलीचं?" (आमच्याकडं बायका पण आलो-गेलो म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) मग जरा थांबून म्हणाली, वाईट वाटलं होतं की, अजून वाटतं कधी कधी, दिराच्या पोरीला बीएस्सीला घातली तेव्हा तर लई वाटलं. "पर राग आज्यावर हुता. तुझ्यावर कशाला ठेवू? तू एवढासा हुतास." आणि नंतर जे बोलली ते जास्त लागलं, की इतकी वर्षं मला वाटायचं तू सुखी नाहीस पुण्यात, म्हणून मी देवाला बोलून ठेवलंय. म्हणजे मी तिला बरं वाटावं म्हणून रडगाणं गात होतो आणि ती तिकडं माझ्या नावानं उपास धरत होती, सोळा सोमवार, दोनदा.

सगळं सुटलं का, तर नाही. परवाच बोनसचा मेल आला आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर चहा सांडला. मुद्दाम नाही सांडला. नसावा. फरक एवढाच की आता मला माझाच संशय येतो आणि कप लांब ठेवतो.

आता तक्रारी. वेटिंगमधून आतलं अर्धं ऐकू येतं, नुसता पंखा लावून भागत नाही, या कामात तरी चालणार नाही. चोवीस तासांच्या आत कॅन्सल केलं तर पूर्ण फी जाते, माझं एक सेशन पावसात सिंहगड रोडला अडकून गेलं आणि रिसेप्शनच्या मॅडमनी दयामाया दाखवली नाही. सायकॉलॉजिकल टेस्टचे वेगळे पैसे लावले ते आधी सांगायला हवं होतं. आणि इन्शुरन्सच्या भरवशावर जाऊ नका. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच नाही, म्हणजे अॅडमिट झालो तर क्लेम, खुर्चीत बसून बोललो तर खिशातून. ज्यांना एवढी फी झेपत नाही त्यांनी आधी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन लावून बघा, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं. आणि ठाण्याकडच्या लोकांना आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था माहीतच असेल, १९९० पासून आहे.

पार्किंग शून्य, टू व्हीलरने जा. ऑनलाइन सेशनचा पर्याय आहे, मी एकदा घेतलं, घरून बोलताना बायको स्वयंपाकघरात आहे हे डोक्यात राहतं, मग काय बोलणार. पाचपैकी चार देतो, एक वेटिंगसाठी कापला, टिश्यूसाठीही कापला असता.

पॅकेजमधलं एक सेशन उरलंय, तीस तारखेला एक्सपायर होतंय. रिसेप्शनच्या मॅडमचे तीन मेसेज येऊन पडलेत की तारीख कळवा, आणि मी ते तिन्ही वाचून ठेवलेत.