पाच फुटी समुद्री टाकी आणि ती बसवणारे दादा

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये ५ × २ × २ फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली. बसवणारे दादा पहिल्या भेटीत माशांबद्दल बोललेच नाहीत. टेप काढून बीम कुठून जातो ते बघत बसले. साडेपाचशे लिटर पाणी, वर काच, दगड, वाळू, स्टँड... म्हणजे पाऊण टनाच्या वरच. सोफ्यासमोरची मी हेरलेली जागा त्यांनी साफ नाकारली. टाकी बीमलगतच्या भिंतीला गेली.

खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), रिटर्न पंप (पाणी परत वर ढकलणारा). नळाचं पाणी वर्ज्य. आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढून टाकलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ वर आणायचं. मग महिनाभर नुसते दगड! अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढेपर्यंत मासा मिळणार नाही, असा दमच दिला होता. सासूबाई विचारायच्या, "दगडच पाळायचेत का गं?" शेवटी क्लाउनफिशची जोडी आली.

कठीण पोवळी मागितली तर सरळ नकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती संरक्षित आहेत. दुसऱ्या एका दुकानात "आणून देतो की" असं हळूच सांगितलं होतं, त्यामुळे हा नकार मला फार भावला.

तक्रार चिलरची, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची. इथल्या मे महिन्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला तो लागतोच, पण त्याची घरघर, बैठकीत सुटणारी गरम हवा आणि फुगलेलं वीजबिल यांबद्दल कोटेशन देताना चकार शब्द नव्हता. वायरींना ड्रिप लूपही (ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जाऊ नये म्हणून वायरला खाली दिलेला झोल) मीच मागे लागून करून घेतला. देखभालीचा मुलगा मात्र वेळेवर येतो.