कॅबमागचा अ‍ॅल्युमिनियम हेडेक रॅक: बरेच महिने वापरल्यानंतर

गेल्या हिवाळ्याआधी मी ट्रॅक्टरवर (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या पुढच्या भागावर) कॅबच्या मागे पूर्ण उंचीचा अ‍ॅल्युमिनियम हेडेक रॅक, म्हणजे कॅबच्या पाठीचं रक्षण करणारी उभी जाळी-भिंत, बसवून घेतला. तेव्हापासून पाइप, सळया, लाकूड, स्टील कॉइल असा सगळा माल ओढून झाला. अमेरिकेत फ्लॅटबेडकडे (उघड्या सपाट ट्रेलरकडे) वळलेली आपली मराठी मुलं विचारतात, "दादा, रॅक घ्यावा का?" घ्यावा, असंच सांगतो. पण त्याच्या भरवशावर एकही चेन कमी मारू नका, हेही लगेच सांगतो.

मुख्य गैरसमज नियमांचा आहे. एफएमसीएसएच्या (अमेरिकेतल्या ट्रक-सुरक्षा खात्याच्या) नियमांत ट्रॅक्टरवर असा रॅक असलाच पाहिजे, असं कुठेही नाही. काही कारखाने रॅक नसलेली गाडी आत घेत नाहीत, तो त्यांच्या आवाराचा नियम. कायद्यात ३९३.११४ हे कलम आहे ते ज्याला माल प्रत्यक्ष टेकलेला असतो त्या पुढच्या भिंतीबद्दल, म्हणजे आपल्यासाठी ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या आडभिंतीबद्दल, बल्कहेडबद्दल. ती भिंत ट्रेलरच्या तळापासून ४ फूट किंवा माल अडेल इतकी, यातली जी कमी असेल तेवढी उंच हवी. उंची ६ फुटांच्या आत असेल तर तिने मालाच्या निम्म्या वजनाइतका पुढचा दाब सोसायला हवा. माल आरपार निघेल एवढी फट तिच्यात चालत नाही. कॅबमागच्या रॅकला माल टेकतच नाही, मधे मोकळी जागा असते. त्यामुळे या हिशोबात तो धरलाच जात नाही.

याचा परिणाम बांधणीवर होतो. ४० फुटी पाइप बल्कहेडला टेकवले असतील तर दर १० फुटांना एक, म्हणजे किमान ४ बंध (चेन किंवा पट्टे) लागतात. टेकवले नसतील तर पहिल्या १० फुटांना दोन आणि पुढच्या प्रत्येक १० फुटांना एक, म्हणजे ५. शिवाय सगळ्या बंधांची मिळून क्षमता मालाच्या निम्म्या वजनाइतकी भरलीच पाहिजे. कॅबमागे कितीही दणकट रॅक लावला तरी यातला एक आकडाही बदलत नाही.

कॉइल भरतो तेव्हा हे फार जाणवतं. ब्रेक लागल्यावर बांधणीने पुढच्या दिशेला ०.८ जी, म्हणजे मालाच्या वजनाच्या ०.८ पट, इतका जोर सोसावा, असा नियम आहे. ४४,००० पौंडांच्या कॉइलला हा जोर ३५,२०० पौंड होतो. कॉइलचा डोळा (मधलं आरपार भोक) गाडीच्या बाजूंकडे असेल तर ती घरंगळणार थेट कॅबच्या दिशेने. माझ्या रॅकसोबत आलेल्या कागदांत तो किती वजन अडवेल याचा आकडाच नाही, आणि पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बघून मी तो मनानेही धरणार नाही. अशा कॉइलला आधी खाली क्रेडल (कॉइल बसेल असा खाचेचा आधार) किंवा लाकडी ठोकळे आणि पाचर, मग डोळ्यातून किमान एक चेन पुढे जाणं अडवणारी आणि एक मागे जाणं अडवणारी. इथे कंटाळा केलेला मला सहन होत नाही, दुसऱ्याच्या गाडीवर दिसला तरी.

मग रॅक कशाला? एखादी सुटलेली सळई, घसरलेली फळी, उडालेला डनेज (मालाखाली घालायचे लाकडी तुकडे) कॅबच्या पाठीत घुसण्याआधी मधे काहीतरी असावं म्हणून. रोजचा खरा फायदा मात्र सामान ठेवण्याचा. ३/८ इंची ग्रेड ७० (माल बांधायच्या मजबूत प्रतीची) २० फुटी चेन ३० पौंडांच्या आसपास भरते. अशा चेन आणि त्या आवळायचे बाइंडर रॅकच्या ट्रेमध्ये, कमरेच्या उंचीवर, हाताशी मिळतात. वाकून पेटीतून ओढून काढणं थांबल्यापासून माझ्या पाठीला फार आराम पडला. हुकावर नुसत्या लटकवलेल्या चेन मात्र मला पटत नाहीत. त्या रस्ताभर आपटत राहतात आणि एखादी निसटली तर खाली हवेच्या नळ्या आणि वायरी असतात. ट्रेला झाकण किंवा कडी असलेलाच रॅक बघा.

हिवाळ्यात त्रास झाला तो गंजाचा. रस्त्यावरच्या मिठाचं पाणी अ‍ॅल्युमिनियमचा पाय आणि स्टीलची फ्रेम यांच्यामधे बसलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पावडर सुटते. माझ्या एका पायाखाली बसवणाऱ्याने रबराचा पॅड घातलाच नव्हता आणि नेमका तिथेच खड्डा पडू लागला. रॅक काढून पॅड घातले, तेव्हापासून वाढ थांबली. बोल्टही सुरुवातीला ढिले होतात. मी माल तपासायला थांबतो, म्हणजे पहिल्या ५० मैलांच्या आत आणि नंतर दर १५० मैल किंवा ३ तासांना (यातलं जे आधी येईल ते, ड्यूटी स्टेटस, म्हणजे कामावर-विश्रांतीवर अशी ड्रायव्हरची नोंद, बदललं तरीही), तेव्हा रॅकच्या पायांवरही नजर टाकतो.

घेण्याआधी टेप घेऊन दोन अंतरं मोजा. कॅब एअर सस्पेन्शनवर हलते, म्हणून रॅक आणि कॅबच्या पाठीमधे फट हवी. ट्रेलर जोडून गाडी पूर्ण वळवल्यावर त्याचा पुढचा कोपरा रॅकपासून किती लांब राहतो तेही बघा. फिफ्थ व्हील (ट्रेलर ज्यावर जोडतात ती तबकडी) पुढे सरकवून ठेवत असाल तर त्याच स्थितीत मोजा.

वजनाची बाजूही आहे. भरलेल्या गाडीच्या ८०,००० पौंडांच्या मर्यादेत रॅक आणि भरलेल्या ट्रेचं वजन तुमच्याच मालातून कमी होतं, आणि ते बहुतेक ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि मागच्या ड्राइव्ह अ‍ॅक्सलवर येतं. म्हणून मी स्टीलऐवजी अ‍ॅल्युमिनियमच घेतला.

पैसे मर्यादित असतील तर साधा रॅक घ्या आणि उरलेल्यातून मालाखाली घालायची, घसरण रोखणारी रबरी फ्रिक्शन मॅट आणा. मॅटवर क्षमता छापलेली नसली तरी तिच्यावर ठेवलेल्या वजनाच्या ५० टक्के इतका आडवा प्रतिकार नियमात धरतात, आणि तेलकट पाइपांखाली तिचा फरक पहिल्याच ब्रेकला कळतो.