ग्राफ्ट सरकलाय म्हणतायत, परत ऑपरेशन करायचं का थांबायचं?

मेनिस्कस ट्रान्सप्लांट म्हणजे गुडघ्यातली खराब झालेली गादी काढून तिथं दात्याची गादी बसवायची, तिलाच ग्राफ्ट म्हणतात. ते झाल्यावर एमआरआयच्या रिपोर्टात 'एक्सट्रूजन', म्हणजे गादी जागेवरनं बाहेर सरकलेली, दिसलं की डोकं फिरतं, माझंही फिरलेलं. ४ मिलिमीटर. ३ च्या वर गेलं की जास्त धरतात एवढं तोवर वाचून झालेलं, त्यामुळं मिरजेतनं फिल्म घेऊन सांगलीत येईपर्यंत मनानं मी परत टेबलावर आडवा झालोच होतो.

परत ऑपरेशन म्हणजे सरकलेली गादी आत ओढून हाडाच्या कडेला टाक्यांनी बांधायची. त्यातही तथ्य आहे, गादी जेवढी बाहेर तेवढी कामातनं गेली, भार परत कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, येतो, आणि एमआरआय झोपवून काढतात, पायावर वजन आलं की ती अजून थोडी बाहेर येऊ शकते. गुडघा अडकत असेल, सारखी सूज असेल, ग्राफ्ट फाटलाच असेल तर थांबा म्हणणारा मी कोण.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही, मांडीचे व्यायाम आणि ठरल्या वेळी तपासणी. सरकायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत सरकतं, मग बऱ्याच जणांचं तिथंच राहतं. आणि मिलिमीटरचा नि दुखण्याचा मेळ दरवेळी बसत नाही. पुण्यातल्या सर्जननी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, जिना उतरताना दुखतं का? दुखत नव्हतं. मग मीच गप्प.

पण खरं सांगू का, माझं ठरलं ते कुबड्यांमुळं. पहिल्या वेळी सहा आठवडे होत्या. काख सोलवटते त्याची सवय होते ओ, चहाचं काय? दोन्ही हात कुबड्यांत, कप न्यायचा कशानं? ओट्याला टेकून उभ्यानंच प्यायचा. एकदा थर्मास पिशवीत घालून गळ्यात अडकवला, झाकण ढिलं राहिलं आणि खोलीत पोचेपर्यंत निम्मा चहा शर्टावर. त्यात मार्केट यार्डात आमची हळदीची अडत, धंदाच गादीवर बसायचा आणि गेली ती गुडघ्यातली गादी, सगळ्यांना विनोद करायला बरं झालं. परत सहा आठवडे ते? नको वाटलं.

दीड वर्ष झालं, दुसऱ्या एमआरआयत पण ४ च. दुकानात मांडी घालत नाही, गादीशेजारी खुर्ची टाकलीय, उन्हाळ्यात हळदीची आवक वाढली की संध्याकाळी थोडं जड वाटतं, बास.

आता माझा गुडघा म्हणजे तुमचा नाही. पण अडकत नसेल, सुजत नसेल तर मी तरी घाई करणार नाही. वय पंचविशीचं असेल आणि परत कबड्डी खेळायचीच असेल तर मात्र दोन सर्जनना दाखवा, आणि नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका, फिल्म न्या.