सिग्मा डीपी२ मेरिल : आठ महिने आणि बॅटरीचा घोर

गेल्या महिन्यात वेरूळला सोळा नंबरच्या लेण्यात साडेदहालाच कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी संपली. परभणीहून पहाटे तीनला निघालो होतो. बॅगेतली तिसरी, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली डुप्लिकेट, फुगल्यामुळे खाचेत जाईना. दुकानदाराने "चार्जर लोकल असेल" म्हणत हात झटकले. साडेचारशे रुपये पाण्यात.

हा कॅमेरा २०१२ चा, मी २६ हजारांना जुना घेतला. झूम नाही, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही, उजेड कमी झाला आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० च्या वर नेला की रंगांची वाट लागते. हे घेणाऱ्याला माहीत असतंच. बॅटरीचं दुखणं मात्र वापरल्यावरच कळतं. नव्या डब्यात दोन-दोन बॅटऱ्या यायच्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. माझ्या जुन्या बॅटऱ्या साठ फोटोंत संपतात. काढलेला फोटो लगेच बघायची सवय मोडली तेव्हा कुठे सत्तरवर गेलो. लग्नकार्याला तर हा नेऊच नका. एकेक फोटो कार्डावर उतरायलाच दहा-बारा सेकंद जातात.

त्या रात्री घरी येऊन विकायची जाहिरात लिहून ठेवली.

सकाळी फोटो कॉम्प्युटरवर उघडले. सिग्माचं सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर रखडत चालतं, त्यामुळे एक फोटो उघडेपर्यंत चहा अर्धा झाला. कैलासाच्या मागच्या उभ्या कातळाचा फोटो होता. डोंगर वरून खाली खोदत आणला, त्याचे छिन्नीचे घाव तिथे अजून आहेत. फोटो मोठा करत गेलो आणि करतच राहिलो. दोन घावांमधली धार, काळ्या दगडातले पांढरे खडे, एका खाचेत साचलेली माती, सगळं वेगवेगळं दिसत होतं. शेतं, झाडं आठ महिने काढली, पण कातळ पहिल्यांदाच.

कारण याच्या फोव्हिऑन सेन्सरात आहे. निळा प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या थरात मुरतो, हिरवा मधल्या, तांबडा सगळ्यात खालच्या. दीड कोटी बिंदूंपैकी प्रत्येकाला तिन्ही रंग मोजून मिळतात. इतर बहुतेक कॅमेरे एका बिंदूवर एकच रंग मोजतात, बाकीचे दोन शेजारच्यांवरून काढतात. बॅटरी खाणारा पसाराही हाच, हे तेव्हा पटलं.

वडिलांना दाखवला. आमची विहीर त्यांनी याच काळ्या पाषाणात सुतकी-पहारीनं फोडलेली. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा घाव वरून आलाय, अन् हा गडी इथं थांबून बाजूला सरकलाय बघ." एवढं त्यांना फोटोतून दिसलं.

जाहिरात खोडली. पॅनासॉनिक एलएक्स३ या कॅमेऱ्याची बॅटरी यात चालते असं कळल्यावर मामांच्या कपाटातल्या दोन आणल्या, दोन्ही चालल्या. आता चार झाल्या. डुप्लिकेट पुन्हा घेणार नाही. दिवाळीनंतर वडिलांनाच घेऊन वेरूळला जातोय, मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.