32 वरून 35 मिमी फोर्कवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायकल 29 इंची अ‍ॅल्युमिनियम हार्डटेल. हेल्मेट, बॅग, पाणी धरून स्वाराचं वजन 88 किलो. वापर पुण्याच्या टेकड्यांवर: मुरमाड उतार, सुटे काळे दगड, पावसाळ्यात चिखल. आधी 32 मिमी व्यासाच्या नळ्यांचा, 120 मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा आत दबणारा) फोर्क होता; फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून धक्के शोषणारा भाग. आता रॉकशॉक्स पाइक सिलेक्ट आहे, 35 मिमी नळ्या, 130 मिमी ट्रॅव्हल.

आधी एक घोळ मिटवायला हवा. ‘स्टिफ फोर्क पाहिजे’ म्हटलं की बरेच जण हवा वाढवायला सांगतात. हवा वाढवली की फोर्क कडक होतो, ताठ होत नाही. कडकपणा स्प्रिंगचा (इथे स्प्रिंग म्हणजे आतली हवा), तर ताठपणा अंगाचा: नळ्या, त्यांना वर एकत्र धरणारा क्राउन, दोन्ही लोअर (नळ्या ज्यात सरकतात ते खालचे पाय) जोडणारी कमान आणि अ‍ॅक्सल. हँडल डावीकडे वळवल्यावर चाक किती उशिरा वळतं आणि ब्रेक दाबल्यावर फोर्क मागे किती वाकतो, हे ताठपणा ठरवतो. धातू आणि नळीच्या भिंतीची जाडी सारखी धरली तर ताठपणा साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 32 वरून 35 ला सुमारे 30 टक्के, 38 ला 65 टक्क्यांच्या वर. कागदावर 3 मिमी किरकोळ दिसतात, हाताला तसे लागत नाहीत.

सगळ्यात मोठा फरक वळणात जाणवेल असं वाटलं होतं. तो जाणवला तीव्र उतारावर ब्रेक दाबताना. सरळ उतारावर पुढचा ब्रेक धरला की बारीक फोर्क मागे वाकतो. वाकला की नळ्या लोअरमधल्या बुशिंगला (नळी सरकते त्या कड्यांना) तिरक्या घासतात आणि फोर्क अडकल्यासारखा होतो. नेमका तेव्हाच खाली दगडाची पायरी येते आणि सगळा धक्का मनगटात बसतो. आपण समजतो, हवा जास्त झाली. मग हवा कमी करतो, फोर्क ब्रेकखाली आणखी बुडतो, आणि हेच चक्र चालू राहतं. 35 मिमीचा फोर्क त्याच पायरीवर ब्रेक धरलेला असतानाही आत जातो. अंगाने ताठ असलेला फोर्क हाताला मऊ लागतो तो यामुळे. म्हणून हवेला हात लावण्याआधी फोर्कचं अंग बघा.

वळणात फायदा आहे तो तिरप्या उतारावर, जिथे मुरूम बाहेरच्या बाजूला घसरतो. चाक दिलेली रेघ सोडत नाही, दगडावर आपटून बाजूला फेकलं गेलं तरी लगेच परत येतं. पण यासाठी चाकही तेवढंच घट्ट लागतं. ढिल्या स्पोकचा आवाज आणि वळवळ आधी फोर्कच्या नावावर खपत होती, ती आता उघडी पडली. पहिल्या महिन्यात पुढचं चाक दोनदा ट्रू (स्पोक ताणून सरळ) करावं लागलं.

खरेदीआधी टेप घेऊन बसा, इथेच पैसे वाया जातात. पहिलं म्हणजे हेड ट्यूब, फ्रेमची पुढची उभी नळी. ताठ फोर्क जवळपास सगळे टेपर्ड स्टीअररचे (हेड ट्यूबमधून वर जाणारी, खाली रुंद होणारी नळी) असतात, वर 28.6 मिमी आणि खाली क्राउन रेसच्या (खालचं बेअरिंग टेकतं त्या कड्याच्या) जागी 39.8 मिमी. हेड ट्यूब आतून सरळ 44 मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून बसवता येतो, पण पुढचा भाग साधारण 12 मिमी वर उचलला जातो. आतून 34 मिमीच असेल तर हा विषय तिथेच संपला. दुसरं, हब. 9 मिमी क्विक रिलीजचं चाक 15×110 बूस्ट (15 मिमी जाड, 110 मिमी रुंद धुरीच्या) फोर्कला बसत नाही. 15×100 चा हब असेल तर दोन्ही बाजूंना 5-5 मिमीचे स्पेसर आणि रोटरखाली (ब्रेकच्या चकतीखाली) 5 मिमीचा वेगळा स्पेसर असा संच मिळतो. तात्पुरतं ठीक, पण पंक्चर काढताना स्पेसर गवतात हरवतो. नवीन चाक बांधणं बरं. तिसरं, ब्रेक. या फोर्कचं पोस्ट माउंट (ब्रेक बसवायची जागा) 180 मिमी रोटरचं आहे, 160 चा रोटर बसत नाही. रोटरचा खर्च आधीच धरा.

ट्रॅव्हलची हाव करू नका. फोर्कची लांबी 20 मिमी वाढली की हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण 1 अंशाने ढळतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलची धुरी बसते ती जागा) वर जातो आणि फ्रेमवरचा ताणही वाढतो. फ्रेम कंपनीने दिलेली कमाल मर्यादा बघूनच निवडा. 38 मिमीचे फॉक्स 38 किंवा रॉकशॉक्स झेब हे 160 मिमीच्या आसपास आणि त्याहून जास्त ट्रॅव्हलच्या सायकलींसाठी आहेत. हार्डटेलवर ते ओझंच. 60 किलोच्या स्वाराला, रुंद कच्च्या रस्त्यावर, 120 मिमी ट्रॅव्हलला 32 किंवा 34 पुरतो. जास्त ताठ फोर्क तिथे बारीक खडे मोजून दाखवतो.

स्टीअरर कापताना घाई नको. हेड ट्यूब 110, हेडसेटचा (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगचा) बाहेर दिसणारा भाग 15, स्पेसर 20, स्टेम (हँडल धरणारा भाग) 40: बेरीज 185 मिमी. स्टेमच्या वर स्पेसर ठेवायचा असेल तर तोही याच 20 मध्ये आला. बेरजेतून 3 मिमी वजा करून 182 ला कापा, नाहीतर टॉप कॅप स्टीअररला टेकते आणि हेडसेट कधीच घट्ट होत नाही. पहिल्यांदा 10 मिमी जास्त ठेवून महिनाभर चालवलं तर हँडलची उंची कळते. कमी करता येतं, वाढवता येत नाही. आधी टॉप कॅपने हेडसेटचा ढिलेपणा काढायचा, मग स्टेमचे बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कला, बहुतेकांवर 5 न्यूटन मीटर असतो.

सेटिंग: हवा भरताना मधेच थांबून फोर्क दहा वेळा सावकाश दाबा, म्हणजे वरच्या आणि खालच्या चेंबरमधला दाब सारखा होतो. तसं न केल्यास सॅगचा (स्वाराच्या वजनाने फोर्क किती दबतो त्याचा) आकडा खोटा येतो. सॅग उभं राहून, पेडल समांतर ठेवून मोजला: 26 मिमी, म्हणजे 20 टक्के. पंपावरचा आकडा लिहीत नाही, दोन पंप सारखा दाखवत नाहीत. नळीवरची रबर रिंग रोजच्या उतारानंतर बघायची. शेवटचे 10-15 मिमी शिल्लक राहिले पाहिजेत. दर वेळी तळ गाठत असेल आणि सॅग बरोबर असेल तर हवा वाढवू नका, एक टोकन (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाका.

देखभाल पावसाळ्यात वाढते. लोअर सर्व्हिस (लोअर उतरवून सफाई आणि नवीन तेल) वापराच्या 50 तासांनी सांगतात. चिखलात 30 तासांनीच उघडला तेव्हा तेल करडं झालेलं होतं आणि फोम रिंग कोरडी पडली होती. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. राइडच्या आदल्या रात्री सायकल उलटी ठेवली तर तेल फोममध्ये मुरतं आणि सकाळचा पहिला चिकटपणा जातो.

सहाव्या महिन्यात ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवताना करकर आली. असा आवाज आला की क्राउनवर हात ठेवा. थरथर हेड ट्यूबच्या खालच्या कपाशी लागली तर हेडसेट काढून ग्रीस करा. आमच्याकडे तेच निघालं, कपात माती. क्राउन आणि स्टीअररच्या दाबून बसवलेल्या जोडातून आली तर ग्रीसने जाणार नाही. जोड सैल झाला असेल तर फोर्क उतरवून वॉरंटीला पाठवायचा आणि तोवर सायकल चालवायची नाही.